वर्ग सोडून सीमेवर गेलेली मुलं

दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी आमच्या शहरात सिद्धार्थ उद्यानातल्या मुक्तिसंग्राम हुतात्मा स्मारकापाशी ध्वजवंदन होतं. पोलिसांची सलामी होते, भाषणं होतात, शाळेची मुलं रांगेनं उभी असतात. मी शाळेत इतिहास शिकवत होतो, त्यामुळे अशा अनेक रांगांच्या टोकाला मीही उभा राहिलेलो आहे. एका वर्षी परतताना सातवीतल्या एका मुलीनं मला विचारलं, ‘‘सर, आपण महिन्याभरापूर्वीच झेंडावंदन केलं ना? मग आपलाच स्वातंत्र्यदिन दोनदा का?’’

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र मला रस्त्यात चालता चालता देता आलं नाही. ‘‘उद्या वर्गात सांगतो,’’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी सांगितलंही, तारखा आणि नावं फळ्यावर लिहून. पण जे सांगायला हवं होतं, ते फळ्यावर मावणारं नव्हतं. आज तेच थोडं सविस्तर सांगण्याचा प्रयत्न करतो.

मोगलाई

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा तेव्हाचं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, स्वतंत्र झालं नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांचा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात एकूण सोळा जिल्हे. आठ तेलंगणाचे, पाच आपले आणि तीन कर्नाटकाचे. लोकसंख्या १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे दीड कोटीच्या वर. संस्थानाचं नाणं वेगळं, त्याला हाली सिक्का म्हणत. रेल्वे स्वतःची, टपाल स्वतःचं, फौज स्वतःची. हद्द ओलांडताना करोडगिरी नाका, म्हणजे जकातीची चौकी, तीही स्वतःची. आमच्या आजीच्या तोंडी या साऱ्या मुलखाला एकच शब्द होता, ‘मोगलाई’. मनमाड, येवला, नगर ही गावं ‘इंग्रजी हद्दीत’.

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी जाहीर केलं, की इंग्रज गेले की हैदराबाद भारतातही जाणार नाही आणि पाकिस्तानातही नाही, ते स्वतंत्र राहील. प्रजेला कोणी विचारलं नाही. राज्यकारभार प्रजेला जबाबदार नव्हता. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशान ५३’ या हुकुमाप्रमाणे आधी सरकारची परवानगी लागे. वर कासीम रझवी नावाच्या, लातूरला वकिली केलेल्या माणसाच्या नेतृत्वाखाली रझाकार नावाची सशस्त्र संघटना उभी राहिली होती आणि गावोगाव तिची दहशत वाढत होती.

दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क हा छोटा देश ९ एप्रिल १९४० ला जर्मन फौजांच्या ताब्यात गेला. तिथल्या सरकारनं सुरुवातीला जुळवून घेतलं. मोठी माणसं गप्प बसली. तेव्हा आल्बोर्ग गावातल्या एका शाळेच्या मुलांनी एक गुप्त मंडळ काढलं आणि त्याला नाव दिलं ‘चर्चिल क्लब’. ही मुलं जर्मनांच्या गाड्या जाळत, शस्त्रं पळवत, रेल्वेच्या मालडब्यांना आगी लावत. मे १९४२ मध्ये ती पकडली गेली आणि तुरुंगात गेली. पण ‘पोरांनी हे केलं, मग आपण काय करतो आहोत?’ हा प्रश्न त्यांनी साऱ्या देशापुढे टाकला.

हैदराबादवर परकी फौज चालून आलेली नव्हती, हे खरं. राजा इथलाच, त्याचं घराणं दोन शतकांपेक्षा जास्त इथंच नांदलेलं. म्हणून ‘परकीयांनी व्यापलेला देश’ हे शब्द हैदराबादला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण सत्ता लोकांच्या मर्जीविरुद्ध टिकवायची, ती टिकवण्यासाठी सशस्त्र टोळ्या मोकळ्या सोडायच्या आणि तक्रार करायला दारच ठेवायचं नाही, ही अवस्था गावातल्या माणसाला ताबा घेतल्यासारखीच वाटत होती. आणि इथंही पहिली हालचाल मुलांनी केली. तीही १९४७ ला नव्हे, नऊ वर्षं आधी.

एका गीतापासून सुरुवात

औरंगाबादचं इंटरमिजिएट कॉलेज १९२३ मध्ये सुरू झालं. आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच, किल्ले अर्काच्या परिसरातलं. ते उस्मानिया विद्यापीठाला जोडलेलं होतं आणि उस्मानियात शिक्षणाचं माध्यम उर्दू. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारं हे पहिलं विद्यापीठ, ही त्याची थोरवी मान्य करायलाच हवी. पण मराठी, तेलुगू, कानडी मुलांना ती भाषा घरची नव्हती. मराठवाड्यातल्या मुलाला पदवी हवी तर हैदराबाद गाठावं लागे, नाहीतर संस्थानाबाहेर जावं लागे.

१९३८ हे साल संस्थानात मोठ्या हालचालींचं. स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास, नोव्हेंबरात, औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलांनी ऐकलं नाही. कारवाई झाली, संप झाला आणि बघता बघता हे लोण हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहांपर्यंत पोहोचलं. ‘पुन्हा म्हणणार नाही असं लिहून द्या आणि परत या,’ असा निरोप होता. शेकडो मुलांनी लिहून दिलं नाही. त्यांची नावं पटावरून कमी झाली.

पुढे काय? हा प्रश्न त्या मुलांच्या आईवडिलांनी नक्कीच विचारला असेल. घरची शेती गहाण टाकून मुलगा शिकायला ठेवलेला, आणि तो एका गाण्यासाठी घरी परत येतो! अशा वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी आपल्या विद्यापीठाचे दरवाजे उघडले. अनेक मुलं नागपूरला जाऊन शिकली. उस्मानियातून बाहेर पडून नागपूरला गेलेल्या त्या मुलांत पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते.

वंदे मातरम् चळवळीत कोणी रूळ उखडले नाहीत, काही जाळलं नाही. तरी मी सुरुवात तिच्यापासून करतो, याचं कारण आहे. ‘लिहून देणार नाही’ असं म्हणायला शिकलेली ही पिढी होती. त्यातले काही पुढे वकील झाले, काही मास्तर झाले, काही पूर्ण वेळ कार्यकर्ते झाले. १९४७ च्या मुलांना कोणी विचारलं असतं, ‘हे तुम्हाला कोणी शिकवलं?’ तर त्यांनी आपल्या शाळेतल्या मास्तरांकडे बोट दाखवलं असतं.

या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे मुळात हेडमास्तर. आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि १९३५ पासून अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात. त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे हेही शिक्षक. औरंगाबादचे गोविंदभाई श्रॉफ गणिताचे. निजामाच्या राज्यात पक्षावर बंदी घालता आली, वर्तमानपत्र बंद करता आलं. आ. कृ. वाघमारे यांचं ‘मराठवाडा’ साप्ताहिक संस्थानाबाहेर छापावं लागे आणि बंदी आली की नाव बदलून पुन्हा निघे. पण गावोगावच्या खाजगी मराठी शाळांत मास्तर मुलांशी काय बोलतात, याचा बंदोबस्त कोणालाच करता आला नाही.

शिबिरं

जुलै १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली, पण मोकळेपणा फार टिकला नाही. २९ ऑक्टोबर १९४६ ला नांदेड जिल्ह्यात अर्जापूर इथं गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. १९४७ च्या १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली कृती समितीनं सूत्रं हाती घेतली. गोविंदभाई तिच्यात होते. विद्यार्थ्यांना हाक गेली, शाळा-कॉलेजं सोडा.

माझे थोरले काका तेव्हा इंटरच्या वर्गात होते. वैजापूरकडच्या आमच्या गावातून कॉलेजपर्यंत गेलेले ते पहिलेच. त्यांनी पुस्तकांची ट्रंक वसतिगृहातल्या खाटेखाली सरकवली, ‘दिवाळीपर्यंत येतो’ असं शेजाऱ्याला सांगितलं आणि मनमाडची गाडी पकडली. ती ट्रंक त्यांना पुन्हा दिसली नाही.

मनमाड हे आपल्याकडच्या माणसांना सोयीचं. निजाम स्टेट रेल्वेची मीटरगेज गाडी तिथं संपे आणि तिथून पुढे हिंदुस्थान सुरू होई. संस्थानाच्या हद्दीला लागून अशी अनेक केंद्रं उभी राहिली. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड, तिकडे सोलापूर, बार्शीकडचा भाग, वऱ्हाडातली गावं. त्यांना ‘कॅम्प’ म्हणत. कॅम्प म्हणजे काही छावणी नव्हे. एखादी धर्मशाळा, बंद पडलेली जिनिंग, कोणाचा तरी वाडा. भाकरी आसपासच्या गावांतून येई. सकाळी कवायत, दुपारी खलबत, रात्री हद्दीपार. हत्यारं म्हणजे ठासणीच्या बंदुका, थोड्या रायफली आणि हातानं बनवलेले बॉम्ब. रझाकारांच्या भीतीनं घरदार सोडून आलेली कुटुंबंही याच गावांत आश्रयाला होती, त्यामुळे मुलांच्या डोळ्यांसमोर कारण रोज बसलेलं असे.

घातपात म्हणजे काय

‘घातपात’ हा शब्द आज कानाला वाईट लागतो. म्हणून त्या मुलांनी नेमकं काय केलं आणि का केलं, हे नीट समजून घ्यायला हवं. कोणतंही राज्य तीन गोष्टींवर चालतं: पैसा, दळणवळण आणि दप्तर. तिघांवर घाव घालायचा, असा हा कार्यक्रम होता.

पैशाचं पाहा. संस्थानाच्या उत्पन्नात अबकारीचा, म्हणजे दारू-शिंदीच्या कराचा वाटा मोठा होता. शिंदीच्या झाडाला खाच पाडून रस काढायचा, त्याचा ठेका सरकार द्यायचं. म्हणून जंगल सत्याग्रहाच्या नावानं शिंदीची झाडं तोडायची मोहीम सुरू झाली. यात गावातला कोणीही कुऱ्हाड घेऊन सामील होऊ शके. बंदूक लागत नसे, शिक्षण लागत नसे. सत्याग्रह आणि तोडफोड यांच्या मधोमधची ही पायरी. तिच्यामुळे कॉलेजातली पोरं आणि गावातले शेतकरी पहिल्यांदा एका कामात आले.

दुसरं करोडगिरी नाके. हद्दीवरच्या प्रत्येक रस्त्याला नाका. तिथं जकात वसूल होई, आणि कोण आलं कोण गेलं याची खबरही तिथूनच ठाण्याला पोहोचे. नाका जाळला की वसुली बंद आणि सरकारचा डोळाही बंद. त्या रात्रीपासून तो रस्ता कॅम्पवाल्यांचा.

तिसरं रेल्वे आणि तार. फौज, पोलीस, रझाकार यांची ने-आण या मीटरगेजवरून चाले. दोन रूळ जिथं जुळतात तिथं दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टांनी आवळलेल्या असतात, त्यांना फिशप्लेट म्हणतात. त्या काढल्या की रस्ता बंद. तारेचे खांब तर आणखी सोपे. ही विद्या नवी नव्हती. १९४२ मध्ये साताऱ्याकडे, खानदेशात, कर्जत-मुरबाडच्या डोंगरात ती वापरून झाली होती. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणारे भाई कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर मारले गेले, ही हकिगत कॅम्पातल्या प्रत्येक पोराला पाठ होती.

आणि चौथं म्हणजे दप्तर. पटवाऱ्याच्या दप्तरात शेतसारा, लेव्हीचं धान्य, कोणाकडे किती बाकी, सगळं लिहिलेलं. ते जाळलं की वसुली कोणाकडून करायची, हेच सरकारला कळेना. सीमेलगतच्या बऱ्याच गावांत १९४८ च्या पावसाळ्यापर्यंत निजामाचा अंमल नावापुरता उरला होता, तो यामुळे.

या कामात बायका नव्हत्या असं समजू नका. निरोप पोहोचवणं, हत्यारं लपवणं हे तर त्यांनी केलंच. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी स्वतः बंदूक हाती घेतली. त्यांच्याजवळ शाळेचं शिक्षण नव्हतं, पण त्यांचं नाव घेतल्याशिवाय या लढ्याची गोष्ट पुरी होत नाही.

सर्वांत गाजलेली घटना नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची. ३० जानेवारी १९४८ ला उमरखेडच्या बाजूनं आलेल्या तुकड्यांनी उमरीतली हैदराबाद स्टेट बँक लुटली. वीस लाखांहून अधिक रक्कम हाती लागली. त्या काळचे वीस लाख! चळवळीच्या सांगण्यात ‘लुटली’पेक्षा ‘हिशेब’ या शब्दावर जास्त भर असतो. ती रक्कम मोजली गेली, कॅम्पांना वाटली गेली, तिचा हिशेब ठेवला गेला. खिशात फाटका रुमाल असलेल्या पोरांनी लाखो रुपयांची पोती वाहिली आणि ती जिथं पोहोचवायची तिथं पोहोचवली, याचा अभिमान त्या पिढीला अखेरपर्यंत होता. आणि दैवयोग असा, की त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. अहिंसेच्या शाळेत वाढलेल्या आणि हातात बंदूक घेतलेल्या त्या मुलांना ही बातमी कशी लागली असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

कंदील

आता काकांची एक गोष्ट सांगतो. काका याविषयी फार बोलत नसत. सरकारी सन्मानपत्र कपाटात होतं, भिंतीवर नव्हतं. पण मी शिक्षक झाल्यावर एकदा त्यांनी मला हे सांगितलं, आणि ‘पोरांना सांगायचं तर हेही सांग’ असंही म्हणाले.

येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा एक नाका जाळायचं ठरलं. त्या नाक्यावरचे मुन्शी काकांच्या ओळखीचे. लहानपणी उर्दू शिकायला काका त्यांच्याकडे जात. ईदला त्यांच्या घरी शीरखुर्मा खाल्लेला. काकांनी तुकडीच्या म्होरक्याला सांगितलं, ‘मी येतो, पण माणसाला हात लावायचा नाही.’ तसाही कॅम्पाचा दंडक होता, की नाका जाळायचा, नाकेदार नाही. पण दंडक सगळीकडे आणि सगळ्यांकडून पाळला जातोच असं नाही, हे काकांना ठाऊक होतं. म्हणून ते स्वतः गेले.

रात्री तुकडी पोहोचली. दोघे शिपाई पळाले. मुन्शी बसून राहिले. काकांनी तोंडाला पंचा बांधलेला. ते म्हणाले, ‘‘बाहर आइए.’’ मुन्शींनी आवाज ओळखला. काकांना कळलं, की ओळखला. पण त्यांनी नाव घेतलं नाही. कोट घातला, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाले, ‘‘बेटा, रजिस्टर जला दो. कंदील छोड दो. रात में घर जाना है.’’

काकांनी कंदील त्यांच्या हातात दिला. मग नाका पेटवला. तो उजेड मागे आणि तो कंदील पुढे लांब जाताना, असं ते दोन्ही एकाच वेळी पाहिल्याचं काका सांगत.

दोन दिवसांनी त्या रस्त्यावरच्या गावात धाड आली. नाका कोणी जाळला ते सांगा, म्हणून माणसांना मारलं, धान्य नेलं, दोन घरं पेटवली. नाका जाळणारे तोवर हद्दीपार होते. घातपाताची ही दुसरी बाजू. करणारा निसटतो आणि गाव सापडतं. ‘आम्ही शूर होतो, यात शंका नाही,’ काका म्हणाले, ‘पण आमच्यापेक्षा जास्त सोसलं त्या गावानं, आणि त्या गावाला सन्मानपत्र नाही.’

तेरा महिन्यांनंतर

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. स्वामीजी सुटले आणि जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा तुरुंगात गेले. ४ डिसेंबर १९४७ ला नारायणराव पवार या तरुणानं हैदराबादेत निजामाच्या मोटारीवर बॉम्ब फेकला. निजाम बचावले, पवारांना फाशीची शिक्षा झाली, ती पुढे टळली. २२ ऑगस्ट १९४८ च्या सुमारास ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. संस्थान भारतात सामील व्हावं, असं ते उर्दूत, उघड लिहीत. हा लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असा होता असं जे म्हणतात, त्यांनी हे नाव लक्षात ठेवायला हवं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. सोलापूरकडून मेजर जनरल जे. एन. चौधरींचा मुख्य मारा होता. मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या तुकड्या औरंगाबादकडे आल्या आणि शहर पहिल्या दोन-तीन दिवसांतच ताब्यात आलं. १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. याला आपण ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतो.

मग प्रश्न येतो, फौजेनं पाच दिवसांत जे केलं, ते करायला पोरांनी तेरा महिने फिशप्लेटी का काढाव्यात? उत्तर असं, की पाच दिवस लागले कारण तोवर आतलं राज्य पोखरलेलं होतं. सीमेवरचे नाके ओस पडले होते, वसुली थांबली होती, गावं सरकारच्या हातून गेली होती. त्याहून महत्त्वाचं, हैदराबादची प्रजा स्वतंत्र हैदराबाद मागत नाही, हे जगाला सांगायला दुसरा पुरावा नव्हता. निवडणूक नव्हती, कौल नव्हता. पुस्तकं सोडून आलेली ही मुलं हाच कौल होता.

पण आणखी एक सांगितल्याशिवाय ही गोष्ट प्रामाणिक होणार नाही. पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत सूडाची लाट आली आणि रझाकारांशी काही संबंध नसलेल्या गरीब मुसलमानांची अनेक गावांत कत्तल झाली. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं अत्यंत सावध अंदाज म्हणून २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेल्याचं नोंदवलं. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. तो अहवाल कित्येक दशकं बंद कपाटात राहिला आणि २०१३ च्या सुमारास लोकांना पाहायला मिळाला.

काका सप्टेंबर अखेरीला गावी परतले. मुन्शींच्या घराला कुलूप होतं. कोणी म्हणालं, नातेवाइकांकडे गेले. कोणी काही म्हणालं नाही. त्यांनी बरीच चौकशी केली. वैजापूर, औरंगाबाद, अगदी हैदराबादपर्यंत. पत्ता लागला नाही. ‘मी त्यांना त्या रात्री घरी पोहोचवलं,’ काका म्हणाले, ‘पुढच्या रात्रींना माझा कंदील पुरला नाही.’ एवढं बोलून ते उठून अंगणात गेले.

सोडलेल्या पुस्तकांचं काय झालं

वर्ग सोडलेल्यांपैकी काही पुन्हा शिकायला बसले, बरेच बसू शकले नाहीत. वय निघून गेलं होतं, घर चालवायचं होतं. माझे काका इंटर पास झालेच नाहीत. सोसायटीत कारकुनी करून त्यांनी आम्हा भावंडांना शिकवलं.

मात्र ज्यांच्या हाती सूत्रं होती, त्यांनी एक गोष्ट चुकवली नाही. लढा संपताच ते शाळा-कॉलेजांच्या कामाला लागले. नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज निघालं, त्यामागे स्वामीजी होते. त्याच सुमारास औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय उभं केलं. लढ्याच्या बाहेरून, पण याच तहानेला दिलेलं ते पाणी होतं. गोविंदभाईंनी सरस्वती भुवन संस्थेला आयुष्य दिलं. २३ ऑगस्ट १९५८ ला इथं मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. पदवीसाठी ज्या भागातल्या मुलांना हैदराबाद किंवा नागपूर गाठावं लागे, त्याच भागात वीस वर्षांच्या आत विद्यापीठ आलं. अनंत भालेराव यांनी ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे पुस्तक लिहून बराच इतिहास कागदावर उतरवला. बाकीचा माणसांबरोबर गेला.

त्या सातवीतल्या मुलीला मी आज वेगळं उत्तर दिलं असतं. बाळ, आपला स्वातंत्र्यदिन दोनदा नाही. पहिला दिवस देशाचा. त्या दिवशी आपल्या गावात झेंडा लावणं गुन्हा होता. दुसरा दिवस येण्यासाठी तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या मुलांनी पुस्तकं मिटली, रूळ उखडले, नाके जाळले. त्यांचं शौर्य लक्षात ठेव. ज्या गावानं त्याची किंमत मोजली, ते गावही लक्षात ठेव. आणि ज्याचा काही दोष नव्हता, तरी ज्याचं घर पुढे बंदच राहिलं, त्यालाही विसरू नकोस.

तुमच्या घरात नव्वदीच्या घरातलं कोणी असेल, तर या १७ सप्टेंबरला त्यांच्याजवळ थोडा वेळ बसा. त्यांनी त्या वर्षी काय पाहिलं, ते विचारा. लढ्यात होते की नव्हते, ते महत्त्वाचं नाही. त्या तेरा महिन्यांत मोगलाईतलं प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या बाजूला जागं होतं. ते सांगू शकणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)